झाडीपट्टी नाट्यसंगीत

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या वनाच्छादित, भातशेतीच्या प्रदेशास झाडीपट्टी म्हणतात. तेथील लोकनाट्याच्या व नाटकांच्या संगीतास झाडीपट्टी नाट्यसंगीत ही संज्ञा लावता येईल. लोकप्रियता लाभल्यावर कलापथकाचा नाद कसा पालटतो, हे त्याच्या वाटचालीत स्पष्ट दिसते.

या संगीताचे मूळ दंडार व खडी गंमत या लोकप्रकारांत आहे. खडी गंमतीत शाहीर ढोलकी, डफ, तुणतुणे व मंजिरी यांच्या साथीवर उभ्याने गाई. स्त्रीभूमिका पुरुषच करीत. उघड्यावर दूरवर ऐकू जावे म्हणून मुख्य गायक चढा स्वर लावी आणि साथीदार त्याची ओळ उचलून धरीत. कलावंत व श्रोते एकाच बोलीचे असल्याने चालींनाही स्थानिक वळण असे.

‘संगीत शाकुंतल’ (१८८०) नंतर संगीत नाटकाचा प्रभाव मराठी मुलखात पसरला. झाडीपट्टीत त्याबरोबर ऑर्गन, तबला व नाट्यपदे आली. शहरांत बोलपटांच्या आगमनानंतर संगीत नाटक ओसरले. येथे मात्र पदे टिकली. धान घरात आल्यावर भरणाऱ्या मंडई व दिवसाच्या शंकरपटानंतर रात्रभर चालणारे नाटक हे त्याचे मुख्य कारण होय. आप्तेष्ट त्यासाठी गावी येत. सोयरिकीही तेथेच जुळत.

पुढे गावकऱ्यांनी बसविलेल्या नाटकांच्या जोडीला व्यावसायिक कंपन्या आल्या. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा (देसाईगंज) हे त्यांचे केंद्र बनले व साकोली, लाखांदूर या भंडारा जिल्ह्यातील तालुक्यांतही त्यांचे प्रयोग होऊ लागले. खरे स्थित्यंतर येथे घडले. रोज नवे गाव आणि तिकिटाचा खेळ असल्याने कोठेही चालेल असे संगीत हवे होते. त्यामुळे एका गावची चाल मागे पडून चित्रपटगीतांचे वळण पुढे आले. ध्वनिवर्धकाने चढ्या स्वराची व ओळ उचलून धरणाऱ्या साथीची निकड संपविली. स्त्रीभूमिका स्त्रियाच करू लागल्याने एकाच नाटकात दोन पट्ट्या सांभाळणे आले. की-बोर्डवर पट्टी बदलणे क्षणाचे काम. दमट हवेत ढोलकीचे कातडे उतरते, ऑक्टोपॅडला ती अडचण नाही.

पाश्चात्त्य रॉक संगीतात याच्या उलट घडल्याचे दिसते. बीटल्स या ब्रिटिश वृंदाने १९६६ मध्ये जाहीर दौरे थांबविले व ध्वनिमुद्रण-कक्षात नवा नाद घडविला. कीर्तीने त्यांना श्रोत्यांपासून मोकळे केले. झाडीपट्टीच्या कंपन्यांना ती श्रोत्यांच्या अधिक स्वाधीन करून गेली.

या बदलास निव्वळ ऱ्हास म्हणणे योग्य नव्हे; आज परंपरेचा मानला जाणारा ऑर्गनही एके काळी पाहुणाच होता. झाडीपट्टीतील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच बदलत्या रंगभूमीवरील कार्याबद्दल. झाडीबोलीचे अभ्यासक हरिश्चंद्र बोरकर यांनी दंडारीकडेही अभ्यासकांचे लक्ष वेधले. तथापि दंडारीच्या चालींचे ध्वनिमुद्रण जाणते गायक हयात आहेत तोवरच व्हावयास हवे. गळ्यातून निघणारी मींड ऑर्गनच्या पट्ट्यांवर वाजत नाही, आणि नव्या पिढीचे गायक चाली शिकतात त्या पट्ट्यांवरूनच.