वर्णनात्मक सांख्यिकी व आलेख (कडोदऱ्याच्या कापडधंद्यातील उपयोग)

धंद्याच्या नोंदींतील आकडे मोजक्या संख्यांत व चित्रांत आणून त्यांचा मध्य, पसारा आणि आकार दाखवणारी सांख्यिकीची शाखा. माध्य, मध्यक, बहुलक, चतुर्थके व प्रमाण विचलन ही तिची गणिती साधने. स्तंभालेख, आयतालेख, रेषालेख व विकिरण आलेख ही तिची चित्रे. नमुन्यावरून न पाहिलेल्या समूहाबद्दल निष्कर्ष काढणे हा अनुमानात्मक सांख्यिकीचा प्रांत आहे. वर्णनात्मक सांख्यिकी हाती असलेल्या नोंदींपुरतेच बोलते, आणि छोट्या-मध्यम धंद्याची बहुतेक गरज तेवढ्यावर भागते.

कडोदरा हे सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातील औद्योगिक गाव. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि सुरत-बारडोली रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, तो इथला चार रस्ता. गावात आणि लगतच्या वरेली, जोळवा, तांतीथैया या भागांत यंत्रमागांचे कारखाने आणि कापड रंगवणाऱ्या-छापणाऱ्या मिला दाटीने उभ्या आहेत. बारडोली-व्यारा-नवापूरवरून खानदेशात उतरणारा रस्ता आणि त्याच अंगाने जाणारा ताप्ती खोऱ्यातला रेल्वेमार्ग यांमुळे धुळे, नंदुरबार, जळगावची मराठी माणसे पिढ्यानपिढ्या सुरतेच्या कापडधंद्यात आहेत.

प्रोसेस मिलचे काम बहुतांशी जॉबवर्कचे असते. सुरतेच्या बाजारातला व्यापारी ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेले कोरे कापड, मिलला पाठवतो. मिल ते धुऊन, रंगवून वा छापून फिनिश परत देते आणि मीटरवर जॉबचार्ज घेते. म्हणून इथे प्रत्येक लॉटमागे निदान चार आकडे जमतात: आलेले मीटर, गेलेले मीटर, निघालेले सेकंड (सदोष कापड) आणि पैसे येईपर्यंतचे दिवस. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाल्यावर मासिक विवरणासाठी हे पुष्कळसे संगणकात भरले जाऊ लागले. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोंडलेली ही माहिती कराच्या कामापलीकडे क्वचितच उघडली जाते. आकड्यांचा तुटवडा नसतो; ते मांडून पाहण्याची सवय कमी असते.

माध्य व मध्यक. उधारीच्या दिवसांचे उदाहरण सर्वांत बोलके. समजा, नऊ बिलांचे पैसे अनुक्रमे ३०, ३२, ३५, ३८, ४०, ४४, ४८, ९५ आणि १६० दिवसांनी आले. बेरीज ५२२, म्हणून माध्य ५८ दिवस. मधोमध येणारा आकडा, म्हणजे मध्यक, मात्र ४० दिवस. नुसते माध्य पाहणारा मालक म्हणेल की सगळेच उशिरा देतात. प्रत्यक्षात नऊपैकी सहा गिऱ्हाइकांनी ४५ दिवसांच्या आत पैसे दिले आहेत आणि सरासरी दोघांनीच वर ओढली आहे. वसुलीचा माणूस नऊ दारी पाठवायचा की दोन, हे यावरून ठरते.

४५ दिवसांची रेषा इथे उगीच घेतलेली नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार लेखी करार असला तरी सूक्ष्म वा लघु उद्योगाचे देणे ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाही. करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच. वित्त अधिनियम, २०२३ ने आयकर कायद्याच्या कलम ४३बी मध्ये भर घातली आणि मुदत चुकवून दिलेला पैसा ज्या वर्षी प्रत्यक्ष दिला त्याच वर्षी खर्चात धरण्याची अट आली. लांब उधारीवर चालणाऱ्या सुरतेच्या बाजारात त्यावर पुष्कळ खळबळ झाली. तेव्हापासून ‘सरासरी किती दिवस’ यापेक्षा ‘४५ दिवसांवर किती टक्के रक्कम’ हा आकडा जास्त कामाचा ठरतो. इथे बिलांची नव्हे, रुपयांची टक्केवारी काढावी. नवांतले १६० दिवसांचे एकच बिल बाकी आठांच्या बेरजेएवढे असू शकते.

भारित माध्य. हाच धडा कापडाच्या घटीला, म्हणजे आलेल्या आणि परत गेलेल्या मीटरांतल्या फरकालाही लागू आहे. ५०० मीटरच्या एका लॉटमध्ये १२ टक्के घट आली आणि ९,५०० मीटरच्या दुसऱ्यात ४ टक्के, तर दोन टक्केवाऱ्यांची साधी सरासरी ८ येते. प्रत्यक्षात १०,००० मीटरमागे ४४० मीटर घटले, म्हणजे घट ४.४ टक्के. टक्केवाऱ्यांची सरासरी काढणे ही हिशेबाच्या वहीतली फार जुनी खोड आहे आणि संगणकाने ती सुधारली नाही. चुकीचे उत्तर आता लवकर मिळते, एवढाच फरक.

आयतालेख व पसारा. घटीचे वर्ग पाडून प्रत्येक वर्गात किती लॉट आले याचे आयत उभे केले की कधी कधी एकाऐवजी दोन उंचवटे दिसतात. जॉर्जेटसारखे जास्त पिळाच्या सुताचे कापड धुलाईत बरेच आकसते, साधे विणलेले कमी. एक उंचवटा ४ टक्क्यांपाशी आणि दुसरा १० पाशी असला, तर त्यांच्या मधली ७ टक्के ही सरासरी एकाही कापडाची नसते. तिच्यावर दर ठरवणारी मिल एका मालात गिऱ्हाईक गमावते आणि दुसऱ्यात पैसा. अशा वेळी प्रमाण विचलन काढत बसण्याऐवजी आधी कापडाच्या जाती वेगळ्या कराव्यात. दोन जातींच्या भेसळीचे विचलन हा निरर्थक आकडा आहे. आधी चित्र आणि मग सूत्र, हा क्रम मोठ्या कंपन्यांतही उलटा झालेला आढळतो.

जाती वेगळ्या केल्यावर मात्र पसाऱ्याला अर्थ येतो. प्रमाण विचलनाला माध्याने भागून येणारा विचरण गुणांक कापडधंद्याला नवा नाही: सुताची एकसारखी जाडी तपासणाऱ्या उस्टर यंत्राच्या अहवालात तो ‘सीव्ही टक्के’ म्हणून छापून येतो. सूत घेताना तो बघणारे कारखानदार स्वतःच्या उत्पादनाला तीच कसोटी सहसा लावत नाहीत.

आलेख. स्कॉटिश लेखक विल्यम प्लेफेअर याने १७८६ साली व्यापाराचे आकडे रेषांत मांडले आणि स्कॉटलंडच्या १७८१ मधील आयात-निर्यातीसाठी स्तंभालेख काढला. वृत्तालेखही त्याचाच, १८०१ मधला. रंगीत वृत्तालेख सादरीकरणात शोभतात. पण २३ टक्के व २६ टक्के यांतला फरक डोळ्यांना स्तंभांत लगेच कळतो, वर्तुळाच्या फाकांत कळत नाही. स्तंभालेखाचा पाया मात्र शून्यावरच हवा.

रेषालेखाची खरी परीक्षा सुरतेत दिवाळी घेते. २०२२ मध्ये दिवाळी २४ ऑक्टोबरला होती, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला. दिवाळीनंतर लाभपंचमीपर्यंत बाजार व कारखाने थंड असतात आणि कारागीर गावी गेलेले असल्याने पुढेही गाडी सावकाशच रुळावर येते. म्हणून २०२२ चा ऑक्टोबर अर्धवट आणि २०२३ चा पूर्ण भरला. या दोन महिन्यांची तुलना करून ‘वाढ’ काढली तर ती पंचांगाची वाढ असते. २०२३ मध्येच अधिक श्रावण आला आणि राखीपौर्णिमा ११ ऑगस्टवरून ३० ऑगस्टवर सरकली, हा आणखी एक घोळ. उपाय सोपा आहे: आडव्या अक्षावर इंग्रजी महिने न लिहिता ‘दिवाळीआधी किती आठवडे’ हे लिहावे आणि दोन वर्षांच्या रेषा एकावर एक काढाव्यात. जुन्या पेढ्यांच्या चोपड्या तिथीवार असत, त्यांना ही अडचण आली नसावी.

तुलनेचा पायाच कोसळलेला असेल तर टक्केवारी हास्यास्पद होते. २५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीने त्या एप्रिलचे उत्पादन कोसळले, आणि एप्रिल २०२१ चा देशाचा औद्योगिक उत्पादन निर्देशांक आदल्या एप्रिलपेक्षा सुमारे १३४ टक्के वर गेला. दोन्ही महिन्यांची तुलना करू नये, असे सरकारनेच आकड्यांसोबत सांगितले होते.

विकिरण आलेखाचा उत्तम उपयोग बॉयलरपाशी होतो. आडव्या अक्षावर दिवसाचे मीटर, उभ्यावर जळालेला कोळसा, आणि दर दिवसाचा एक ठिपका. ठिपक्यांतून ओढलेली रेष शून्यातून जात नाही. समजा ती ६ टनांवर सुरू होते आणि दर १०,००० मीटरला १ टन चढते. मग ८०,००० मीटरच्या दिवशी १४ टन लागतात आणि २०,००० मीटरच्या दिवशी ८. दर १०,००० मीटरचा खर्च १.७५ टनांवरून थेट ४ टनांवर जातो. ‘प्रति मीटर कोळसा’ या एकाच सरासरीत हे सहा टन दडलेले असतात. मंदीत कमी दराचे काम घ्यावे की दोन दिवस बॉयलर बंद ठेवावा, याचे उत्तर त्या सहा टनांत आहे.

कापडधंद्याने सांख्यिकीकडून घेतले तसे तिला दिलेही आहे. मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये काम करणाऱ्या एल. एच. सी. टिपेट याने माग किती वेळ बंद राहतात हे शोधण्यासाठी घड्याळ लावून बसण्याऐवजी अवचित वेळी शेडमधून फेरी मारून बंद माग मोजण्याची रीत रूढ केली. अशा फेऱ्यांत ४०० वेळा मागाकडे पाहिले आणि ८० वेळा तो बंद दिसला, तर साधारण २० टक्के वेळ वाया जातो आहे. सोबत ‘सूत तुटले’, ‘बीम नाही’, ‘वीज नाही’, ‘कारागीर नाही’ असे कारण लिहून उतरत्या क्रमाने स्तंभ काढले की दुरुस्ती कुठून सुरू करायची ते दिसते.  

मर्यादा. जे नोंदले जात नाही त्याचे वर्णन होत नाही. मागावरची मजुरी मीटरवर असते. हजेरीपटावरून महिन्याची सरासरी मजुरी काढली तर होळीला किंवा लग्नसराईत गावी गेलेला माणूस हिशेबातून गळतो आणि उरलेल्यांची सरासरी फुगते. हजर दिवसांचा रकाना जोडला तर हा दोष बराचसा जातो. मिलमध्ये अडचण याहून खोल आहे. तिथे बरेच कामगार ठेकेदारामार्फत येतात आणि वहीत त्यांच्या जागी ठेकेदाराचे एकच बिल असते. त्या एका आकड्याला ना मध्यक, ना पसारा; कोणाला किती मिळाले हे ठेकेदाराच्या खिशातल्या डायरीवरूनच कळू शकते.