कोरियाची संस्कृती अनुभवण्यासाठी : सहलीचे नियोजन

एकेकाळी दक्षिण कोरिया म्हटले की मोटारी आणि दूरचित्रवाणी संच एवढेच आठवत असे. आता तेथील मालिका, चित्रपट आणि संगीत यांमुळे हा देश शहरी घरांत परिचयाचा झाला आहे. मात्र पडद्यावरची संस्कृती प्रत्यक्ष अनुभवायची तर मुक्काम, आहार आणि विशेषतः तारखा यांचा विचार आधीच करावा लागतो.

कधी जावे?

एप्रिल-मे आणि ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा पूर्वार्ध हे दिवस उत्तम. जूनअखेर ते जुलै हा पावसाचा काळ, तर जानेवारीत सोलमधील पारा शून्याखाली उतरतो. चांद्र नववर्षाचा ‘सोल्लाल’ आणि आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेचा ‘चुसोक’ हे दोन प्रमुख सण. या काळात शहरांतील लोक पूर्वजांच्या स्मरणासाठी मूळ गावी जातात. रेल्वेची तिकिटे मिळत नाहीत आणि अनेक लहान उपाहारगृहे बंद असतात. सण घरांत साजरा होत असल्याने पाहुण्याच्या वाट्याला त्यातील फारसे काही येत नाही. त्याऐवजी मे महिन्याच्या पहिल्या रविवारी सोलच्या जोंगम्यो या राजस्मृतिमंदिरात होणारा विधी पाहावा. जोसन घराण्याच्या राजा-राण्यांना संगीत-नृत्यासह वाहिल्या जाणाऱ्या या आदरांजलीची युनेस्कोने २००१ मध्ये दखल घेतली.

भारतीय नागरिकांना पर्यटक व्हिसा आधी घ्यावा लागतो. त्यासाठी बँकेचे विवरण, प्राप्तिकराची कागदपत्रे आदी लागत असल्याने पुरेसा अवधी हाताशी ठेवणे हिताचे.

सोलमधील दिवस

ग्योंगबोकगुंग हा १३९५ मध्ये उभारलेला राजवाडा. १५९२ च्या जपानी आक्रमणाच्या वेळी तो जळाला, एकोणिसाव्या शतकात पुन्हा बांधला गेला आणि वसाहतकाळात त्याचा बराच भाग पाडण्यात आला. आज दिसणाऱ्या अनेक इमारती पुनर्रचित आहेत. हा इतिहास ठाऊक असेल, तर वास्तूकडे पाहण्याची दृष्टी बदलते. हा वाडा सर्वसाधारणपणे मंगळवारी, तर चांगदोकगुंग सोमवारी बंद असतो. ‘हानबोक’ हा पारंपरिक पोशाख परिधान करणाऱ्यांना प्रवेश विनामूल्य आहे.

दोन्ही वाड्यांच्या मधील बुकचोन भागात ‘हानोक’ ही कौलारू पारंपरिक घरे आहेत. ती प्रदर्शनातील नमुने नसून माणसांची राहती घरे आहेत. रहिवासी गर्दीने त्रस्त झाल्याने तेथील ठरावीक गल्ल्यांत पर्यटकांना सकाळी १० ते सायंकाळी ५ एवढ्याच वेळात फिरता येते; मार्च २०२५ पासून नियमभंगासाठी एक लाख वॉनचा दंड आहे.

सोलबाहेर

केवळ राजधानी पाहून परतणे म्हणजे अर्धाच कोरिया पाहणे. वेगवान ‘केटीएक्स’ रेल्वेने सुमारे दोन तासांवर ग्योंगजू ही सिला राज्याची प्राचीन राजधानी आहे. गावाच्या मध्यभागी राजांच्या समाधींचे हिरवे उंचवटे आहेत. जवळच बुलगुक्सा मंदिर आणि सोकगुराम येथील आठव्या शतकातील ग्रॅनाइटची बुद्धमूर्ती आहे. आंदोंगजवळील हाहोए या जुन्या खेड्यात मुखवट्यांचे नृत्य पाहता येते. हेइन्सा मंदिरात तेराव्या शतकातील बौद्ध ग्रंथांचे ८१,२५८ लाकडी मुद्रणफलक जतन केलेले आहेत.

मंदिरातील मुक्काम आणि शाकाहार

२००२ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या निमित्ताने बौद्ध मंदिरांनी परदेशी पाहुण्यांसाठी मुक्कामाची योजना सुरू केली. पहाटेची प्रार्थना, १०८ नमस्कार आणि भिक्खूंसमवेत चहापान असा साधारण दिनक्रम असतो.

शाकाहारी पर्यटकांसाठी हा मुक्काम मोठाच दिलासा ठरतो. एरवी किमचीतही बहुधा मासळीचा अर्क किंवा खारवलेली कोळंबी असते आणि भाज्यांच्या रश्शाचा आधार अनेकदा सुकी मासळी असते. केवळ ‘मांस नको’ असे सांगणे त्यामुळे पुरेसे नाही. मासे, अंडी यांचा स्पष्ट उल्लेख असलेली कोरियन भाषेतील चिठ्ठी जवळ ठेवावी. मंदिरातील भोजनात मांस-मासळीप्रमाणेच कांदा-लसूणही वर्ज्य असतो. मात्र कंदमुळे वापरली जात असल्याने जैन प्रवाशांनी आधी विचारणा करावी.

रीतिरिवाज

घरात व मंदिरात पादत्राणे काढावीत, वस्तू दोन्ही हातांनी द्यावी-घ्यावी, ज्येष्ठांनी सुरुवात केल्यावरच जेवावे. भातात चॉपस्टिक उभ्या खोचू नयेत. ते मृतांच्या विधीची आठवण करून देते. बक्षिसी देण्याची प्रथा नाही.

निघण्यापूर्वी कोरियन लिपीची ओळख करून घेणे श्रेयस्कर. राजा सेजोंगने १४४६ मध्ये प्रजेसाठी जाहीर केलेल्या ‘हांगुल’ची मूळ अक्षरे अवघी २४ आहेत. स्वर-व्यंजनांच्या जोडणीची सवय असलेल्या देवनागरीच्या वाचकाला ती थोड्या सरावाने वाचता येतात. स्थानकाचे नाव किंवा उपाहारगृहाची पाटी स्वतः वाचता आली, की परका मुलूख तेवढा परका राहत नाही.