खेळताना पक्का दात पडला? फेकू नका, दुधात ठेवा आणि दवाखाना गाठा

यात्रा-जत्रांचे दिवस आले की गावोगावी कबड्डीचे आणि टेनिस बॉल क्रिकेटचे सामने सुरू होतात. पकडीत कोणाचं कोपर तोंडावर बसतं, कुठं उसळलेला चेंडू ओठावर येतो आणि समोरचा दात मुळासकट निखळतो. रक्त पाहून सगळे पोराला घेऊन पळतात, दात मात्र मातीत राहतो. दुधाचा दात कौलावर टाकायची आपली जुनी रीत, त्यामुळे पक्का दातही कोणी शोधत नाही. पण हा दात परत बसवता येतो. फक्त हातात वेळ कमी असतो.

घाई कशासाठी?
उपटलेल्या रोपाची मुळं उन्हात सुकली की ते परत लागत नाही. दाताचंही तसंच. मुळावरचा नाजूक जिवंत थर कोरडा पडला की अर्ध्या तासात मरू लागतो. तासाभरानंतर दात टिकण्याची आशा बरीच कमी होते.

लगेच काय करायचं?
१. दात शोधा. पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका.
२. माती लागली असेल तर दूध किंवा स्वच्छ पाण्यात काही सेकंद धुवा. घासू नका, साबण लावू नका, रुमालाने पुसू नका.
३. खेळाडू शुद्धीवर असेल तर दात सुलटा धरून हलक्या हाताने जागेवर बसवा आणि स्वच्छ कापड दातांत धरायला सांगा.
४. जमत नसेल तर दात गार, बिनसाखरेच्या दुधात बुडवून ठेवा. दूध नसेल तर पेल्यात त्याचीच थुंकी घेऊन त्यात ठेवा. कागदात किंवा खिशात कोरडा नेऊ नका.
५. दाताच्या डॉक्टरला आधी फोन करा आणि निघा. उशीर झाला तरी दात सोबत न्या.

जखमेवर हळद, तंबाखू, मिश्री भरू नका. स्वच्छ कापड दाबून धरा, ओठ-गालावर बाहेरून बर्फ लावा. दात मातीत पडला असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा.

डॉक्टर दात शेजारच्या दातांना तारेने बांधतात, साधारण दोन आठवडे. पुढे बहुतेकदा रूट कॅनल लागतं. तोवर मऊ खाणं आणि तोंड स्वच्छ ठेवणं गरजेचं.

दुधाचा दात पडला तर?
तो परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते. समोरचे पक्के दात साधारण ६ ते ९ वर्षांच्या वयात येतात. दात कोणता ते कळत नसेल तर बसवू नका, दुधात घालून पोराला आणि दाताला दोघांनाही डॉक्टरकडे न्या.

टवका उडाला, दात हलला तर?
तुटलेला तुकडा पाण्यात ठेवून न्या, बऱ्याचदा तो चिकटवता येतो. हलणारा किंवा आत घुसलेला दात ओढू नका. शुद्ध हरपली, उलट्या झाल्या किंवा जबडा उघडेना, तर आधी १०८ ला फोन करा.

इजा टाळायची कशी?
कबड्डी, कुस्ती, हॉकी खेळणाऱ्यांनी माउथगार्ड वापरावं. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचं माउथगार्ड खेळाच्या दुकानात काहीशे रुपयांत मिळतं. डॉक्टरांकडून मापाने करून घेतलेलं त्याहून चांगलं. लेदर बॉल खेळताना जाळीचं हेल्मेट हवंच. मैदानावरचे दगड आधी वेचून काढा.

सामने भरवणाऱ्या मंडळांनी एवढं करावं: पंचांच्या टेबलाजवळ दुधाची पिशवी, झाकणाची डबी, स्वच्छ कापड आणि तालुक्यातल्या दाताच्या डॉक्टरचा नंबर. चषकाच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही, आणि पोराचा दात मात्र जन्मभराचा आहे.