भयपटांचे अभ्यवेक्षण व पाठभेद

भयपटांचे अभ्यवेक्षण व पाठभेद : प्रेक्षकांच्या मनात भीती, किळस किंवा अतिमानुष शक्तींविषयीची धास्ती निर्माण करणे, हा ज्याचा प्रधान हेतू असतो, त्या चित्रपटास भयपट म्हणतात. सार्वजनिक प्रदर्शनापूर्वी चित्रपट तपासून त्यातील आक्षेपार्ह भाग वगळणे, प्रेक्षकांची वयोमर्यादा ठरविणे अथवा प्रदर्शनास मनाई करणे, या प्रक्रियेस अभ्यवेक्षण किंवा रूढ भाषेत सेन्सॉर म्हणतात. याबाबतचे निकष देशोदेशी निराळे असल्याने एकाच भयपटाच्या परस्परांहून भिन्न अशा प्रती अस्तित्वात येतात. प्राचीन ग्रंथांच्या पोथ्यांत आढळणाऱ्या पाठभेदांशी त्यांची तुलना करता येते. मात्र पोथीतील पाठभेद पुष्कळदा लेखनिकाच्या हातून नकळत झालेला असतो. चित्रपटातील पाठभेद आदेशाने घडविलेला असतो.

पाश्चात्त्य देश : जेम्स व्हेल दिग्दर्शित ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१९३१) या अमेरिकन चित्रपटातील राक्षस एका लहान मुलीबरोबर तळ्यात फुले टाकीत असतो. फुलांप्रमाणे तीही पाण्यावर तरंगेल, या भाबड्या समजुतीने तो तिला पाण्यात टाकतो. यातील अखेरचा भाग कापण्यात आला. कापलेल्या प्रतीत राक्षस मुलीकडे हात पुढे करतो आणि पुढे बापाच्या हातांवर तिचे प्रेत दिसते. परिणामी मूळ दृश्यात नसलेल्या अत्याचाराची शंका प्रेक्षकाच्या मनात येई. अजाणता घडलेला मृत्यू कात्रीमुळे क्रौर्य वाटू लागला. हा भाग १९८० नंतरच्या दशकात पुन्हा जोडण्यात आला.

ब्रिटनमध्ये १९३७ साली भयपटांसाठी ‘एच’ हा स्वतंत्र वर्ग ठरविण्यात आला व १९५१ मध्ये त्याची जागा ‘एक्स’ या प्रौढांच्या वर्गाने घेतली. ‘फ्रीक्स’ (१९३२) या चित्रपटास तेथे १९६३ पर्यंत परवानगी मिळाली नाही. हॅमर या ब्रिटिश संस्थेच्या ‘ड्रॅक्युला’ (१९५८) या चित्रपटातील काही दृश्ये ब्रिटनमध्ये वगळली गेली. जपानमध्ये गेलेल्या प्रतीत मात्र ती राहिली. त्या प्रतीची रिळे २०११ मध्ये टोकिओ येथे सापडल्यावर तिच्या आधारे मूळ चित्रपटाची पुनर्रचना करण्यात आली. ॲल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘सायको’ (१९६०) मधील अमेरिकेत वगळलेले काही क्षण जर्मनीत दाखविल्या जाणाऱ्या प्रतीत टिकून होते. एका देशाने टाकून दिलेला अंश दुसऱ्या देशात सुरक्षित राहिला, असे या दोन्ही उदाहरणांवरून दिसते.

भारत : भारतात १९१८ च्या चलच्चित्रण अधिनियमानुसार १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे अभ्यवेक्षण मंडळे स्थापन झाली. १९४९ च्या दुरुस्तीने ‘यू’ (सर्वांसाठी) व ‘ए’ (केवळ प्रौढांसाठी) हे वर्ग आले आणि १९५१ मध्ये केंद्रीय मंडळ अस्तित्वात आले. प्रदर्शनपूर्व अभ्यवेक्षण घटनेशी सुसंगत आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ख्वाजा अहमद अब्बास यांच्या याचिकेवर १९७० मध्ये दिला. १९८३ पासून ‘यूए’ हा मधला वर्ग सुरू झाला व मंडळाच्या नावातील ‘अभ्यवेक्षण’ जाऊन ‘प्रमाणन’ हा शब्द आला. केंद्र शासनाच्या १९९१ च्या मार्गदर्शक सूत्रांत हिंसा व क्रौर्य यांच्याबरोबरच निरर्थक वा टाळता येण्याजोग्या भयदृश्यांचाही स्पष्ट निर्देश आहे.

मुंबई व उपनगरे : हिंदी चित्रपटातील भयाची परंपरा मुंबईच्या उपनगरांशी निगडित आहे. मालाड येथील बॉम्बे टॉकीजच्या ‘महल’ (१९४९) या कमाल अमरोही दिग्दर्शित चित्रपटात ओसाड वाडा, झोपाळा व अदृश्य गायिका यांतून भय निर्माण केले आहे; शेवटी भूत हे माणूसच असल्याचे उघड होते. सूचकतेवर उभ्या असलेल्या अशा भयाला कात्री लावण्यास फारसा वाव नसतो. रामसे बंधूंच्या ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२), ‘दरवाजा’ (१९७८), ‘पुराना मंदिर’ (१९८४), ‘वीराना’ (१९८८) इ. चित्रपटांनी मात्र विद्रूप राक्षस, रक्तपात व शृंगार यांची सांगड घातली. मंडळाची दृष्टी मुख्यतः या दृश्य घटकांवर असे.

भारतातील पाठभेद केवळ देशादेशांमधले नाहीत. १९८३ च्या नियमांनुसार वगळलेल्या भागांची नोंद प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात होत असे, प्रमाणपत्रावर त्रिकोणाची खूण केली जाई आणि कापलेली फीत मंडळाच्या स्वाधीन करावी लागे. तथापि वगळलेले तुकडे काही प्रदर्शक चोरून पुन्हा जोडीत. प्रमाणित चित्रपटात असा फेरफार करून तो दाखविणे हा अधिनियमाच्या सातव्या कलमानुसार गुन्हा आहे. त्यामुळे एकाच भयपटाची संमत प्रत मुंबईत व असंमत प्रत एखाद्या लहान गावी चालू असण्याचा संभव असे.

दूरचित्रवाणीने या भेदांत भर घातली. १९९३ मध्ये झी वाहिनीवर ‘झी हॉरर शो’ ही रामसे बंधूंची मालिका सुरू झाली. मालिकांना चित्रपटांप्रमाणे मंडळाचे पूर्वप्रमाणन लागत नसे. उलट ‘ए’ प्रमाणपत्राचे चित्रपट वाहिन्यांवर दाखविण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये प्रतिबंध केला. त्यामुळे प्रौढांसाठीच्या चित्रपटांची काटछाट करून त्यांना दूरचित्रवाणीसाठी ‘यूए’ प्रमाणपत्र मिळविण्याची पद्धत वाढली. संकलन, ध्वनिमुद्रण व अन्य भाषांतील संवादांचे आरोपण हे व्यवसाय अंधेरी व गोरेगाव परिसरात एकवटले असल्याने अशा दुय्यम प्रती तयार करण्याचे कामही बव्हंशी उपनगरांतच चालते.

पाठभेद व रूपांतर यांत फरक केला पाहिजे. खुनी बाहुल्याची कल्पना असलेला ‘चाइल्ड्स प्ले ३’ हा अमेरिकन चित्रपट १९९३ मध्ये एका बालहत्येच्या खटल्यानंतर ब्रिटिश वृत्तपत्रांच्या रोषास पात्र ठरला. हत्येशी त्याचा संबंध मात्र पोलिसांना आढळला नाही. त्याच वर्षी महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ या मराठी चित्रपटात तीच कल्पना विनोदाच्या अंगाने आली आणि तात्या विंचू हा बाहुला बालप्रेक्षकांतही लोकप्रिय झाला. येथे भयाचे स्वरूप कात्रीने बदललेले नाही. ते लेखनातच बदललेले आहे.

अलीकडील स्थिती : प्रमाणनाविरुद्ध दाद मागण्याचे अपील न्यायाधिकरण २०२१ मध्ये रद्द झाले, तेव्हापासून उच्च न्यायालयाकडे जावे लागते. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’ वर्गाचे ७, १३ व १६ वर्षांवरील असे तीन पोटवर्ग झाले, तसेच दूरचित्रवाणी व अन्य माध्यमांसाठी स्वतंत्र प्रमाणपत्राची तरतूद झाली. अशा रीतीने पाठभेदांस कायद्यानेच मान्यता मिळाली आहे. आंतरजालावरील चित्रपटांना २०२१ च्या नियमांनुसार प्रसारकच वर्ग लावतात.

अभ्यासाच्या दृष्टीने कोणता पाठ प्रमाण मानावा, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. ‘ड्रॅक्युला’ची वगळलेली दृश्ये परदेशी गेलेल्या प्रतीमुळे परत मिळाली. देशाबाहेर अखंड प्रत न गेलेल्या भारतीय भयपटाचा कापलेला भाग नष्ट झाल्यास त्याचा पुरावा प्रमाणपत्रावरील काही ओळींपुरताच उरतो. म्हणून भयपटाचे परीक्षण करताना वर्ष व दिग्दर्शक यांबरोबरच पाहिलेल्या प्रतीची लांबी, प्रमाणपत्राचा वर्ग व माध्यम यांचीही नोंद करणे आवश्यक आहे.