वनस्पतिवर्धक कृत्रिम प्रकाश
सूर्यप्रकाश अपुरा असताना प्रकाशसंश्लेषणासाठी वनस्पतींना दिला जाणारा दिव्यांचा प्रकाश. विद्युत् प्रज्योत दिव्याच्या प्रकाशात रोपांत हरितद्रव्य तयार होते, असे फ्रेंच शास्त्रज्ञ एर्व्हे मांगाँ यांनी १८६१ मध्ये दाखविले. इंग्लंडमध्ये विल्यम सीमेन्स यांनी १८८० मध्ये रात्रीही असा प्रकाश देऊन वनस्पती वाढविल्या व त्यांना दररोज विश्रांतीची गरज नसते, असा निष्कर्ष काढला. तथापि कॉर्नेल विद्यापीठातील एल्. एच्. बेली यांना १८९१ च्या सुमारास उघड्या दिव्यामुळे पिकांस इजा झाल्याचे आढळले; काचेचे आवरण घातल्यावर ती घटली, कारण काच जंबुपार किरण बऱ्याच अंशी अडविते. फुलणे दिनमानावर अवलंबून असते, हे डब्ल्यू. डब्ल्यू. गार्नर व एच्. ए. ॲलर्ड यांनी १९२० मध्ये सिद्ध केल्याने अंधाराचेही महत्त्व पटले.

तंतूच्या दिव्यातील बहुतांश ऊर्जा उष्णतेत जाते. म्हणून १९३८ पासून बाजारात आलेल्या, कमी तापणाऱ्या अनुस्फुरित नळ्या घरातील रोपांस अधिक सोयीच्या ठरल्या. के. जे. मॅक्री यांनी १९७२ मध्ये अनेक पिकांवर केलेल्या मापनांनुसार ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश प्रकाशसंश्लेषणास उपयुक्त असतो. १९९० नंतर एलईडी दिवे पुढे आले. त्यांत तांबडा व निळा प्रकाश हव्या त्या प्रमाणात देता येतो.

लक्स हे एकक मानवी दृष्टीवर आधारलेले असल्याने केवळ डोळ्यांना प्रखर वाटणारा दिवा वनस्पतीस पुरेसा असतोच असे नाही. दिवा निवडताना तरंगलांबी, तीव्रता, अंतर व प्रकाशाचा कालावधी यांचा एकत्र विचार करावा लागतो.