कंसात गेलेले टिकादर

आपल्या उपनगरांत झाडाझुडपांवर, कुंडीतल्या फुलावरही एक कोळी दिसतो. शिकारीसाठी जाळं विणत नाही, पुढचे लांब पाय पसरून दबा धरतो आणि तिरका चालतो. हा खेकडा-कोळी. त्याच्या कुळातल्या एका चिमुकल्याचं आडनाव पन्नास वर्षांनी बदललं, ती हकिकत आज पाहू.

1960 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये, म्हणजे आपल्या मुंबईतूनच, बी. के. टिकादर यांनी भारतातल्या खेकडा-कोळ्यांच्या काही नव्या जाती जाहीर केल्या. त्यांतली एक 'झिस्टिकस मिन्युटस'. शास्त्रीय नाव शाळेच्या हजेरीसारखं असतं, आडनाव आधी. मिन्युटस म्हणजे चिमुकला. झिस्टिकस हे वंशाचं नाव मात्र 1835 सालचं, कोख या जर्मन अभ्यासकाने दिलेलं आणि त्या वंशातल्या बहुतेक जाती उत्तरेकडच्या समशीतोष्ण देशांतल्या. उष्ण प्रदेशातला आपला कोळी असा युरोपच्या कप्प्यात गेला. यासाठी टिकादरांना नावं ठेवावीत असं आम्हाला वाटत नाही. भारतात कोळ्यांवर काम करणारे तेव्हा होतेच किती! शिवाय 1980 चा 'फॉना ऑफ इंडिया'मधला खेकडा-कोळ्यांचा भागही त्यांचाच.

2010 साली बेंजामिन आणि जलील यांनी हा कोळी पुन्हा तपासला. असा निवाडा रंगावरून होत नाही. नराच्या तोंडाशेजारच्या स्पर्शपादांचं टोक आणि मादीच्या पोटाखालची जननेंद्रियाची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. हा झिस्टिकस नव्हेच असं ठरलं आणि त्याच्यासाठी 'इंडोझिस्टिकस' हा नवा वंश उभा राहिला.

आता पूर्ण नाव लिहितात: इंडोझिस्टिकस मिन्युटस (टिकादर, 1960). हा कंस छपाईची हौस नव्हे. मूळ वर्णन टिकादरांचं, पण त्यांनी दिलेला वंश आता बदललाय, एवढा इतिहास त्या दोन चिन्हांत आहे. वंश बदलला तरी 'मिन्युटस' टिकला, कारण जातीला आधी दिलेल्या नावाचा मान राहतो.

हे कशाला जपायचं? आरे किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाची गोष्ट निघाली की प्रथम विचारतात, तिथे किती जाती आहेत? समजा, जुन्या यादीत झिस्टिकस मिन्युटस आहे आणि नव्या यादीत इंडोझिस्टिकस मिन्युटस. दोन्ही याद्या नुसत्या जोडल्या तर एकाच कोळ्याचे दोन होतात. अशी दुबार नोंद समोरच्याने दाखवली, की बाकीची खरी यादीही संशयात येते.