वार्ता हीच हयात

श्रीक्षेत्र त्र्यंबकेश्वरी येणाऱ्या यात्रेकरूंत असेही कुटुंबीय असतात, की ज्यांच्या घरचा कोणी अपघातात, दूरदेशी अथवा रणांगणावर कामास आला व ज्याची उत्तरक्रिया यथासांग होऊ शकली नाही. कुशावर्तावर स्नान करून ते नारायणबलीचा विधी करतात आणि तीर्थोपाध्यायांच्या वहीत कुळातील नावांची नोंद करवितात. परंतु ज्याच्या मरणाचीच निश्चिती नाही, त्याची गणना जिवंतांत करावी की मृतांत? हा प्रश्न केवळ जुन्या पोथ्यांतला नव्हे. १९७१ च्या युद्धाने तो एका मराठी घराच्या दारी आणून ठेवला.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी या प्रश्नाचा विचार मोठ्या कळवळ्याने केलेला आहे. देशांतरास गेलेल्याची वार्ता येईनाशी झाली, तर साधारणतः बारा वर्षे वाट पाहावी व त्यानंतर पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिचा दाहसंस्कार करावा, असे त्यांनी सांगितले. तथापि दार त्यांनी पुरते लावून घेतले नाही. तो मनुष्य पुढे परत आलाच, तर त्यास घृतस्नान घालून जातकर्मादि संस्कार पुनश्च करावेत, अशीही तरतूद करून ठेवली. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने ही मुदत सात वर्षांची मानली. मनुष्य जिवंत असता तर ज्यांना त्याची खबर साहजिकच लागली असती, त्यांना सात वर्षे ती लागली नाही, तर तो जिवंत आहे हे तसे म्हणणाऱ्याने सिद्ध करावे, असा तो नियम आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तोच कायम आहे. शास्त्र आणि कायदा, दोहोंनीही हयातीचे माप म्हणून घरी येणारी वार्ताच धरली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

सैनिकाच्या घरी ही वार्ता पत्रातून येते. पश्चिमेकडील आघाडीवरच्या जवानास पत्र पाठवावयाचे, तर नाव, हुद्दा, तुकडी आणि ‘५६ ए. पी. ओ.’ एवढाच पत्ता. तो कोणत्या गावी आहे, हे पत्र लिहिणाऱ्या आईसही कळू नये, अशी ती योजना होती. गाव ठाऊक नसले तरी उत्तर येते, यातच घरच्यांचे समाधान असे.

शत्रूच्या हाती सापडलेल्या सैनिकासही हा धागा तुटू नये, म्हणून १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराने नियम घालून दिले. छावणीत पोचल्यापासून एका आठवड्याच्या आत बंद्यास घरी कार्ड पाठविता आले पाहिजे, व पुढे पत्रव्यवहारावर मर्यादा घालणे आवश्यक वाटले, तरी दरमहा किमान दोन पत्रे व चार कार्डे त्यास लिहू द्यावीत, असे हा करार सांगतो.

आता दोन मराठी वैमानिकांची हकीकत पाहू. दोघेही फ्लाइट लेफ्टनंट, आणि दोघेही सुखोई-७ या, भूमीवरील लक्ष्यांवर बाँब व रॉकेटे टाकणाऱ्या विमानाचे चालक. या विमानात वैमानिक एकटाच असे. तो पडला, तर मागे काय घडले ते सांगणारा सोबती विमानात नसे.

दिलीप परुळकर यांचे विमान १० डिसेंबर १९७१ रोजी पडले आणि ते कैद झाले. रावळपिंडीच्या छावणीत ते युद्धबंदी असल्याचे जाहीर होते व रेडक्रॉसला त्यांची माहिती होती. १९७२ च्या ऑगस्टमध्ये मलविंदरसिंग ग्रेवाल व हरीश सिंहजी या दोन सहकाऱ्यांसह त्यांनी तेथून पलायन केले. अफगाण सरहद्द अगदी जवळ आली असता लंडी कोतल येथे तिघेही पकडले गेले. पुढे १ डिसेंबर १९७२ रोजी इतर बंद्यांसह ते वाघा येथे मायदेशी परतले. २०२५ साली त्यांचे निधन झाले.

विजय वसंत तांबे यांचे विमान त्याच महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पडले. त्याच सुमारास पाकिस्तानातील एका इंग्रजी वृत्तपत्रात पकडल्या गेलेल्या हिंदी वैमानिकांमध्ये ‘टॉम्बे’ असे नाव छापून आले. ती छापील ओळ हीच त्यांच्याविषयीची वार्ता. कार्ड आले नाही, पत्र आले नाही. १९७२ साली परतलेल्यांतही ते नव्हते. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनमधील अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. तेव्हा विवाहास दोन वर्षेही झाली नव्हती. कायद्याची सात वर्षे सरली, शास्त्राची बारा सरली, तरी या माउलीने शोध सोडला नाही. २००७ साली बेपत्ता सैनिकांच्या नातलगांबरोबर त्या पाकिस्तानातील तुरुंगही पाहून आल्या. आपल्या ताब्यात असे कोणी नाही, हेच त्या देशाचे उत्तर राहिले. ‘बेपत्ता चोपन्न’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यादीत तांबे यांचे नाव आहे.

एका वैमानिकास करारातील नियमांचे कवच मिळाले. दुसऱ्याचे नाव बंद्यांच्या नोंदीत आलेच नाही, म्हणून ते सारे नियम निरुपयोगी ठरले. मनुष्याचे रक्षण प्रथम त्याच्या नावाच्या नोंदीने होते, हाच या हकीकतीचा बोध.

ज्ञातिबांधवांनो व भगिनींनो, आपल्याही अनेक घरांतून सैन्यात गेलेल्या आजोबा-काकांची पत्रे जुन्या ट्रंकांतून पडून असतील. ती रद्दीत घालू नका. त्यांवरील तारीख, तुकडी व शिक्का यांसह त्यांची नक्कल उतरवून ठेवा, आणि कुळाच्या वंशावळीत त्या पुरुषाच्या नावापुढे दोन ओळी लिहा. त्र्यंबकच्या वह्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जे कार्य केले, ते घरोघरी चालू ठेवणे आपल्या हाती आहे.